सरकीत ठेवलेले पाय

थंडी आधी कानांना लागते असं सगळे म्हणतात. अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. चालत्या माणसाला ती कानांना लागते, बसून राहणाऱ्याला पायांतून चढते, असं ते सांगायचे. पाण्याकाठी पाखरांची वाट पाहत बसलं की हात खिशात जातात, कान मफलरमध्ये जातात. पाय मात्र जिथे टेकवले तिथेच राहतात, आणि जमीन त्यांना हळूहळू आपल्यासारखं करून घेते.

अण्णा म्हणजे माझे वडील. गेल्या चैत्रात ते गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला हिवाळा. गारखेड्याच्या आमच्या घरात पहाटे जाग आली की अजूनही माझा हात अंधारात शेजारच्या खाटेकडे जातो, उशीकडे नाही, पायथ्याकडे. शेवटची काही वर्षं मी त्यांच्याच खोलीत झोपायचे. उठल्यावर पहिलं काम त्यांचे पाय चाचपून पाहणं, कारण ते गार आहेत की गरम हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं. मधुमेहानं घोट्याखालची जाणीव हळूहळू नेली होती. ती कधी गेली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एखादा पाहुणा निरोप न घेता उठून जावा आणि बऱ्याच वेळानं त्याची रिकामी खुर्ची दिसावी, तसं झालं असावं.

पाण्याकाठी बसण्याची सवय मात्र फार जुनी. अण्णांचे एक मित्र सिल्लोडचे. त्यांच्या घरी कापसाचा व्यापार, जिनिंगची गिरणी. मी त्यांना चाचा म्हणते. हे दोघं कॉलेजात असताना शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती, आणि चाचांच्या वडिलांकडे परवान्याची बंदूक होती. हिवाळ्यात ते या दोघांना घेऊन पहाटे तळ्यावर जायचे. मुर्गाबी, म्हणजे पाणपाखरं, त्यांच्या घरी फार आवडीनं खाल्ली जायची. अण्णा मात्र माळकऱ्याचा मुलगा. ते खात नसत, पण जात जरूर. मी एकदा विचारलं होतं, खायचं नाही तर कशाला जायचात? ते म्हणाले, "बसायला."

त्या बसण्यातली पहिली गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की आता ती मला माझीच आठवण वाटते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बुटात वर्तमानपत्राचे कागद घातले की पाय गार पडत नाहीत. अण्णांनी घरातली रद्दी काढली आणि दोन्ही बुटांत ठासून भरली. पहाटे तळ्याकाठच्या झुडपामागे तिघं बसले. धुकं, पाणी, पाण्यावर बदकांचे काळे ठिपके. चाचांच्या वडिलांनी बंदूक खांद्याला लावली आणि अण्णांच्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी अंगठा जरासा हलवला. चर्रर्र. सगळं तळं उडालं. बंदूक खाली ठेवून म्हातारा शांतपणे म्हणाला, "क्यों मियां, अखबार पढने आए क्या?"

पुढच्या खेपेला चाचांच्या वडिलांनी सिल्लोडहून दोन पिशव्या भरून सरकी आणली. कापूस जिनिंगमधून निघाला की रुई वेगळी होते आणि बी वेगळं. ते बी म्हणजे सरकी. तिच्या अंगावर बारीक पांढरी लव राहिलेली असते. एरवी ती गिरणीत तेलाला जाते किंवा गोठ्यात म्हशीपुढं. म्हाताऱ्यानं तिचा तिसरा उपयोग काढला होता. पिशवीत सरकी भरायची, बूट काढून पाय पोटरीपर्यंत आत खुपसायचे आणि पिशवीचं तोंड गुडघ्याखाली सैल बांधायचं. सरकी आवाज करत नाही. पाय हलवला तर ती वाळूसारखी सरकते आणि पुन्हा जागा भरून काढते. आपल्याच पायाची ऊब धरून ठेवते, थोड्या वेळानं ती परत देते. चाचा म्हणतात, त्या दिवसापासून त्यांच्या घरात अण्णांचं नाव 'म्हैस' पडलं होतं. "म्हशीचा चारा काढून ठेवा रे," असं त्यांची आई नोकरांना सांगायची.

मग कायदा आला, बंदूक जमा झाली, म्हातारा गेला. बसणं राहिलं. अण्णा सरकारी कचेरीत नोकरीला लागले, चाचांनी गिरणी सांभाळली, पण दर हिवाळ्यात एकदा तरी दोघं जायकवाडीच्या पाणफुगवट्यावर जाऊन बसायचे. बंदुकीच्या जागी अण्णांची काठी आली. थवा वरून आला की ते काठी खांद्याला लावायचे, पाखराच्या थोडं पुढं नेम धरून काठी हळूहळू फिरवायचे आणि जिभेनं टक् असा आवाज काढायचे. चाचा म्हणायचे, "चुकला." हा त्यांचा खेळ. साठ-सत्तर वयाच्या दोन माणसांनी असा खेळ खेळावा याचं मला कधी हसू आलं नाही. त्यांच्या खेळात एक पीसही हलत नसे.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहिते आहे तो मागचाच. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात अण्णांच्या चपलेत एक खडा गेला होता. दिवसभर तो खडा घेऊन ते हिंडले. संध्याकाळी फरशीवर लाल ठसे दिसले तेव्हा मला कळलं, त्यांना त्यानंतर. ती अंगठ्याखालची जखम दिवाळीपर्यंत भरली नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा अशी जखम झाली तर अंगठा ठेवता येईलच असं नाही. कदाचित पाऊलही. तेव्हापासून घरात अनवाणी चालणं बंद, पांढरे मोजे, औरंगपुऱ्यातल्या दुकानातून आणलेले रुंद तोंडाचे बूट, आणि रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या मांडीवर त्यांचे तळवे. ते पाय पुढं करायचे आणि दुसरीकडे बघायचे, जसं काही ते पाय दुसऱ्या कुणाचे आहेत आणि त्यांनी फक्त माझ्याकडे पोचते केले आहेत.

पौषात एका संध्याकाळी ते म्हणाले, "यंदा काज आलेत म्हणे."

काज हा चाचांचा शब्द. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात. राखी रंगाचे हंस, पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळ्या पट्ट्या. हिमालय ओलांडून येतात आणि आमच्या धरणाच्या काठावर हरभऱ्याच्या शेतांत चरतात.

"कोण म्हणे?" मी विचारलं.

"शेठ म्हणे." चाचांना ते शेठ म्हणायचे. आणि चाचा त्यांना साहेब. "मी जाऊ का, असं विचारत नाही. आलेत एवढं सांगितलं."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थंडी चालेल, ओल नको. आणि शेक तर अजिबात नको, गरम पाण्याची पिशवी नको, निखारा नको, काही नको, कारण भाजलं तरी त्यांना समजणार नाही. परत आल्यावर लगेच पाय तपासा. त्या बोलण्यातून मला परवानगी ऐकू आली आणि भीतीही. अण्णांना पाण्याकाठी नेणं माझ्या हातात होतं. त्यांचे पाय जसे नेले तसे परत आणणंही माझ्याच हातात होतं.

चाचा पुढच्याच आठवड्यात सिल्लोडहून गाडीत सरकीचं अर्धं पोतं घालून आले. "साहेब, तुझा चारा," म्हणत त्यांनी ते आमच्या हॉलमध्ये टेकवलं. तेलाचा आणि गोठ्याचा मिळून एक वास घरभर पसरला. मी मूठ भरून पाहिली. बियांमध्ये बोंडाच्या टरफलांचे तुकडे होते, वाळलेल्या काड्या होत्या, सुईसारख्या टोकाच्या. जाणत्या पायाला त्या टोचल्या असत्या आणि तो आपोआप बाजूला झाला असता. अण्णांच्या पायानं काही केलं नसतं.

"चाचा, ही निवडावी लागेल," मी म्हणाले.

"सरकी निवडायची?" चाचांनी कपाळाला हात लावला. "बेटा, तीन पिढ्या कापसात गेल्या आमच्या, पण सरकी निवडलेली पाहिली नाही. म्हशींना कळलं तर मोर्चा काढतील."

"काढू द्या," अण्णा म्हणाले. "सूप आण गं."

दोन संध्याकाळी आम्ही तिघं सरकी निवडत बसलो. मी सुपात, चाचा परातीत, अण्णा ताटात. अण्णांची बोटं तेव्हाही चांगली होती. ते प्रत्येक बी दोन बोटांत फिरवून पाहायचे. चाचा वैतागायचे, "साहेब, तुला काय सोन्याच्या दुकानात बसवलंय का कोणी?" अण्णा पुढचं बी उचलायचे. टीव्ही बंद होता. बाहेर गल्लीत भाजीवाल्याची हाक येऊन जायची. निवडलेल्या सरकीचा ढीग वर वर चढत होता, पिवळट, लव असलेला, आणि दिव्याच्या उजेडात तो कुठल्या तरी मऊ प्राण्यासारखा दिसत होता, झोपलेला.

निवडता निवडता मी त्यांना एक वाचलेलं सांगितलं. मी ग्रंथालयात काम करते. माझ्याकडे सांगण्यासारखं जे असतं ते बहुतेक वाचलेलंच असतं. बदकं आणि हंस गारठलेल्या पाण्यात तासन्‌तास उभे राहतात, तरी त्यांचे पाय गोठत नाहीत. पायाकडे उतरणारं गरम रक्त आणि पायाकडून वर येणारं थंड रक्त अगदी शेजारून वाहतं. उतरणारं आपली ऊब चढणाऱ्याला देऊन टाकतं. पाय गारच राहतो, पण जिवंत राहतो, आणि छातीतली ऊब पाण्यात वाया जात नाही.

"म्हणजे पाय गारच असतोय त्याचा," अण्णा म्हणाले.

"हो."

"पण गार लागत असंल का त्याला?"

ते पुस्तकात नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि एक काडी ताटाबाहेर टाकली.

पिशव्या मी जुन्या दुलईच्या खोळीच्या शिवल्या, शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन, आत काही घासू नये म्हणून. भरलेल्या पिशव्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. निघायच्या आदल्या दिवशी चाचा मुक्कामाला आले होते. पिशवीत हात घालून म्हणाले, "बेटा, तव्यावर थोडी गरम करून घालू ना. अब्बा घालायचे. एकदम मजा."

"नको चाचा. शेक चालत नाही."

"थोडीशी."

"नको."

"सुन मियां," ते अण्णांकडे वळले, "ही तुझ्यावर गेली नाही. हिला नाय म्हणता येतं."

पहाटे निघालो. पैठण रस्त्याला गाडी लागली तेव्हा कारखान्यांचे दिवे धुक्यात विरघळत होते. चाचा गाडी चालवत होते, अण्णा पुढं बसले होते, मी मागं दोन पिशव्यांच्या मध्ये. पिशव्यांना अजून कालच्या उन्हाचा वास होता. रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो की दोन्हीकडे ऊस, मग तूर, मग काही नाही. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली काळी सपाट जमीन, आणि तिच्या टोकाला पाणी आहे की धुकं हे समजत नव्हतं. गाडीचा आवाज बंद झाल्यावर कितीतरी वेळ कानांत तो तसाच राहिला. तो विरत गेला आणि मग खूप लांबून, पाण्याच्या अंगानं, कुजबुज ऐकू आली. एका मोठ्या घरात खूप माणसं एकाच वेळी झोपेत बोलत असावीत तशी.

"आलेत," अण्णा म्हणाले.

घाम येऊ नये म्हणून अण्णांना अगदी सावकाश नेलं. घामानं मोजा ओला होतो आणि ओल्या मोज्यातून थंडी आत शिरते, हे अण्णांचंच शास्त्र. कोरडे मोजे मी माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरले होते. बांधाच्या आडोशाला खुर्ची मांडली, खाली पोतं, पोत्यावर पाट. बूट काढले, मोजे बदलले, पाय एकेक करून पिशवीत सोडले. त्याआधी मी दोन्ही पिशव्यांत माझा हात कोपरापर्यंत फिरवून घेतला. सरकी पोटरीपर्यंत चढली. अण्णांनी डोळे मिटले.

"बरं वाटतंय?"

"दिसायला बरं दिसतंय," ते म्हणाले.

उजाडायच्या थोडं आधी हरभऱ्याची भाजी खुडायला निघालेली एक बाई बांधावरून आली. डोक्यावर पदर, हातात ओटीचं फडकं. ती थांबून पिशव्यांकडे बघायला लागली.

"काय झालंय ओ आजोबाच्या पायाला?"

"काही नाही," मी हळूच सांगितलं, "गार लागू नये म्हणून सरकीत ठेवलेत."

"सरकी?" ती पुढं वाकली. "अगं माय! आमची म्हस लई दिवस झालं वाळल्या कडब्यावर दिवस काढतीया, अन् इथं मान्सं सरकीत पाय घालून बसली!"

चाचा तोंडावर मफलर दाबून हसायला लागले. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "बाई, म्हशीलाच दिली आहे. विचारा यांना." ती हसत हसत गेली. तिच्या पावलांचा आवाज धुक्यात गेला तसं धुकंही जरा वर गेलं, आणि पाण्याच्या कडेला ते दिसले.

किती होते कोण जाणे. बरेचसे डोकं पाठीत खुपसून एका पायावर उभे होते. पाणी आरशासारखं होतं आणि प्रत्येकाच्या त्या एका पायाला खालून दुसरा पाय येऊन जोडला होता. सगळं राखी होतं, पाणी, हंस, काठ, आमचे श्वास. मला असं वाटत राहिलं की आम्ही त्यांना पाहत नसून त्यांच्या झोपेत बसलो आहोत, आणि त्यातला एक जागा झाला तर आम्ही नाहीसे होऊ. चाचांनी जपाची तसबीही काढली नाही. ती त्यांच्या खिशात असते आणि सकाळी बोटांत येतेच.

पूर्वेला जरासा रंग आला. एक हंस ओरडला, मग दुसरा. मग एकदम पाणी फाटल्यासारखा आवाज झाला आणि थवा उठला. आमच्या अगदी डोक्यावरून गेला. त्यांच्या पंखांचा वारा लागल्याचं मला आठवतं, पण तेवढे खाली ते आले नसणार. अण्णांनी काठी उचलली, खांद्याला लावली, नेम धरून हळूहळू फिरवली. फिरवत नेली. टक् मात्र केलं नाही. थवा शेतांच्या दिशेला दिसेनासा झाला तरी काठी तशीच होती.

"काय साहेब," चाचा म्हणाले, "जाम झाली काय?"

अण्णांनी काठी मांडीवर घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मला आधी वाटलं त्यांना दुखतंय.

"बाई," ते मला म्हणाले. मला ते लहानपणापासून बाई म्हणत. "डावा पाय गार पडलाय."

पिशवीला कुठं भोक पडलं असेल, कुठून ओल चढली असेल. मी गुडघ्यांवर बसून गाठ सोडली आणि दोन्ही हात आत घातले. सरकी कोरडी होती. मोजा कोरडा होता. मी मोज्याच्या आत बोटं घातली. तळवा, टाच, अंगठा, अंगठ्याखालची ती बरी झालेली जागा. पाय गरम होता. माझ्या हातांपेक्षा किती तरी गरम.

"गार आहे ना?" अण्णांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत होते. एरवी पायांकडे न बघणारा माणूस आता माझ्या हातांकडे आणि माझ्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होता. "मला लागतंय. तळव्याला. पाण्यात ठेवल्यासारखं. खरंच लागतंय गं."

चाचांनी वाकून पिशवीत हात घातला. त्यांनाही कळलं. "अरे साहेब, हा तर..." एवढं म्हणून ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "लई गार झालाय."

"मग!" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसले. "शेठ, तुझी सरकी फुकट गेली बघ."

"गेली," चाचा म्हणाले. "अब सरकी भी पहले जैसी कहां मिलती है, साहेब."

मी तो पाय माझ्या शालीत घेतला आणि चोळत बसले. चोळून त्याची ऊब वाढणार नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. पण त्यांना ते हवं होतं, गार पडलेला पाय कुणीतरी चोळतंय हे. ऊन वर आलं. काठावरचा चिखल चमकायला लागला. चाचांनी थर्मासमधला चहा ओतला, बिनसाखरेचा, आणि तो कसा फिका आहे यावर दोघं भांडले. हंस परत आले नाहीत. त्यांची वाटही कुणी पाहत नव्हतं.

त्या दिवशी त्यांना खरंच काय जाणवलं, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं नाही. पायात नाही तर दुसरीकडे कुठंतरी ते गार लागलं असेल. कुठल्या तरी जुन्या पहाटेतून आलं असेल. काही का असेना, बऱ्याच वर्षांनी त्यांच्या पायानं त्यांना काहीतरी सांगितलं होतं आणि ते सांगणं माझ्या हातांनी खोडून काढावं असं मला वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यांना गॅलरीत उन्हात बसवलं आणि पाय मांडीवर घेतले. एकेक बोट वेगळं करून पाहिलं, बोटांमधल्या जागा, टाचांच्या कडा, नखांखाली. लव चिकटलेलं सरकीचं एक बी तेवढं डाव्या घोट्याला होतं. ते काढलं. कुठं ओरखडा नव्हता, लाली नव्हती. जे पाय घेऊन गेले होते तेच पाय परत आले होते.

चाचा आत सोफ्यावर घोरत होते. अण्णांचेही डोळे मिटत होते. मला वाटलं झोपले. मग त्यांनी डोळे न उघडता, अगदी हळू आवाजात विचारलं, "आता गरम झाला का गं?"

"झाला," मी म्हणाले.